लाडू नको, सुतक आहे

काका, तुमचं सुतक मला लागतं का, हे आता विचारू कोणाला? असल्या प्रश्नांचं खातं तुमच्याकडे होतं. करोल बागेहून आलेल्या गुरुजींना मी विचारून पाहिलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या बारक्या क्रूसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, शेजाऱ्यांना सुतक नसतं. आणि तुमच्यात तर मुळातच नसतं." दोन वाक्यांत विषय संपवला त्यांनी. तुम्ही असतात तर यावर अर्धा तास वाद घातला असतात, मध्ये दोनदा चहा मागितला असतात, शेवटी माझ्याच बाजूने निकाल दिला असतात आणि वर म्हणाला असतात, "बघ, मी हेच म्हणत होतो."

तुम्ही गेलात त्या दिवशी काकूंकडे चूल पेटायची नव्हती. मी पिठलं-भात करून वर नेला. कोणी सांगावं लागलं नाही. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांतही मयताच्या घरी हेच जातं. काकूंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ विसरलीस." तुमच्यानंतर त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मला इतकं बरं वाटलं की मी खाली येऊन मीठ घेऊन गेले आणि जिन्यात उभी राहून रडले.

आपली ओळख भांडणातून झाली, तीही तुमच्याशी नव्हे. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादच्या या सोसायटीत राहायला येत होतो. सामान चढवताना माझ्या लेकाने, जोएलने, कुकर जिन्यावरून सोडला आणि मी ओरडले, "मेल्या, हात आहेत की दांडकी?" वरच्या मजल्यावरून आवाज आला, "पोलिसांसमोर दांडक्याचं नाव काढायचं नाही." वर पाहिलं तर बनियनमधले तुम्ही, कठड्यावर रेललेले. वडील सरकारी नोकरीसाठी साताऱ्याहून दिल्लीला आले, तुम्ही इथेच वाढलात, इथेच पोलिसात लागलात आणि इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालात, हे सगळं तुम्ही आमचं कपाट वर चढवता चढवता सांगितलंत. कपाटाला हात मात्र लावला नाहीत. सूचना देत होतात.

तुमचं मराठी साताऱ्याचं, पण दर दोन वाक्यांनी "अबे यार" यायचं. जोएलला मात्र तुम्ही मराठी सोडून बोलू दिलं नाहीत. त्याला 'उंबरठा' माहीत नाही म्हणून तुम्ही त्याला तुमच्या दारात उभं केलंत आणि म्हणालात, "ह्याला अडखळशील ना, तेव्हा लक्षात राहील." पुढच्या आठवड्यात तो खरंच अडखळला.

'सुतक' हा शब्दही त्याला तुमच्यामुळेच कळला. एका नाताळात साताऱ्याला तुमचे थोरले भाऊ वारले होते आणि तुम्ही आमचा केक परत पाठवलात. सुतक आहे, गोड चालायचं नाही. जोएलने दारातच मला विचारलं, "आई, सुतक म्हणजे छुट्टी का?" तुम्ही आतून ऐकलंत आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसलात. त्याला जवळ बोलावून म्हणालात, "छुट्टीच रे बाळा. गोडाला छुट्टी, दाढीला छुट्टी, देवाच्या पूजेलाही छुट्टी. घरातलं माणूस गेलं की घराला ते कळायला नको का? नाहीतर घर आपलं चालूच राहतं." दहा दिवस झाल्यावर सकाळी सकाळी बेल वाजवून केकचा हिशेब मागायला आलात, तेही आठवतं.

पण मला सांगायचंय ते लाडवांचं.

पुढे एका वर्षी आपल्या भागातली एक मुलगी कामावरून परतताना मारली गेली. सगळी सोसायटी हादरली होती, मीही. संशयावरून एकाला पकडलं आणि काही दिवसांत बातमी आली की तो हायवेवर पोलिसांच्या हातून निसटून पळत होता, म्हणून गोळी घालावी लागली. खटला नाही, साक्ष नाही, काही नाही. संध्याकाळी सेक्रेटरी खन्नाजी मोतीचुराच्या लाडवांचा डबा घेऊन दारोदार फिरत होते. मी तेव्हा तुमच्याकडे मेथीची जुडी निवडत बसले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

"माने साहब, मुँह मीठा कीजिए. आपके डिपार्टमेंट ने कमाल कर दिया."

तुम्ही हात जोडलेत. "माफ करना खन्नाजी, मीठा नहीं चलेगा. घर में सूतक है."

खन्नाजींचा चेहरा पडला. डबा मागे घेत ते हळू आवाजात म्हणाले, "अरे. कौन गुज़र गया?"

"वही लड़का," तुम्ही म्हणालात. "जिसके लड्डू आप बाँट रहे हैं."

तुमचा आवाज चढला नाही. भाजीवाल्याला उद्या येऊ नको सांगावं, तितकंच. खन्नाजी वळले आणि जिना उतरून गेले. सोसायटीच्या ग्रुपवर मग तुमचा जो उद्धार झाला तो तुम्ही वाचलात की नाही मला माहीत नाही. मी वाचला. पोलिसात असून गुन्हेगाराची बाजू घेतो म्हणे.

आम्हाला वाटलं, टोमणा मारलात आणि विषय संपला. तुम्ही तर खरंच सुतक धरलंत. दाढीचे खुंट वाढले. देवपूजा बंद. चहात साखर नाही. काकू वैतागल्या. "गोत्र काय होतं हो त्याचं? कुठल्या नात्याने धरताय?" त्यावर तुम्ही जे बोललात ते मी माझ्या ऑफिसात, आमच्या चर्चमध्ये, भावाशी फोनवर, कुठे कुठे सांगितलं असेल. तुम्ही म्हणालात, "अगं, ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याला सुतक लागतं, मग ज्याच्या हातून जातं त्याला नको लागायला? आमच्या खाकीच्या हातून गेला तो. मग आम्हालाच लागणार ना."

मी म्हटलं, "आणि ती मुलगी?"

"तिचंही धरलंय," तुम्ही म्हणालात. "एकातच दोन्ही. तिच्या आईला सांगायला गेलो होतो, की खटला उभा राहिला असता तर तुझ्या लेकीचं नाव कोर्टात मानाने घेतलं गेलं असतं. नाही सांगता आलं. पाणी पिऊन परत आलो."

खन्नाजींवर मात्र तुम्ही कधी रागावला नाहीत. त्यांची लेक कामावरून उशिरा मेट्रोने येते, भीती खोटी नाही त्यांची, असं मलाच समजावत होतात. "भ्यालेल्या माणसाला लाडू गोड लागतो," म्हणालात. "पण डबा पोलिसाच्या दारात आणू नये."

इथूनच आपला वाद सुरू झाला. माझं म्हणणं असं की लाडू परत पाठवून काय होतं? तुम्ही इतकी वर्षं नोकरी केलेले, तुमच्या शब्दाला वजन आहे. वर्तमानपत्रात लिहा, कोणी सभा घेतली तर जाऊन बोला. तुम्ही मान हलवायचात. "ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच्या अंगणात उभं राहून ओरडणार नाही. घरात काय बोलायचं ते बोलेन." मी म्हणायचे, घरात बोललेलं घरातच राहतं. तुम्ही म्हणायचात, "मग तुझ्या कानावर कसं आलं?" मला त्याचा भयंकर राग यायचा.

एकदा मी सरळच विचारलं, "काका, तुम्ही कधी गोळी चालवलीत?" तुम्ही कुंडीतल्या मिरचीच्या रोपाकडे पाहत म्हणालात, "ट्रेनिंगला शिकवतात, कमरेखाली मारा. गोळीला कंबर कळत नाही पोरी." आणि मग त्या मिरचीला कीड कशी लागली ते सांगत बसलात. मी पुन्हा विचारलं नाही. होळीला खन्नाजींकडची गुजिया, आपली करंजीच ती, तुम्ही कधी तोंडात घालायचा नाहीत, ते शुगरमुळे असं मी समजत होते. परवा काकू म्हणाल्या, "शुगर कसली, ती तर आत्ता आत्ता निघाली. होळीच्या सुमाराला ते कधीच गोड खायचे नाहीत, लग्न झाल्यापासून बघतेय. मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस." मग नाही विचारत, काका. ते तुमचं तुमच्यापाशी.

पण सिराजचं मी सगळ्यांना सांगणार. त्याला तुमची हरकत असली तरी.

मागच्या उन्हाळ्यात बांगलादेशातून आलेल्यांना हुडकायची मोहीम सुरू झाली. कामवाल्यांचे कागद गेटवर जमा करा, असा निरोप आला. कागद असले तरी बंगाली बोलणाऱ्यांना वस्तीतून उचलून नेत होते. आम्हा दोघींकडे, म्हणजे काकूंकडे आणि माझ्याकडे, काम करणारी जहानारा सकाळी माझ्या दारात उभी राहिली. हात कोरडे, म्हणजे अजून कुठल्याच घरी भांड्यांना लागली नव्हती. तिचा नवरा सिराज, प्लास्टरचं काम करणारा, पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारचा. त्याला पहाटे नेलं होतं. वस्तीत बातमी होती की नेलेल्यांना गाडीत घालून सीमेवर नेतात आणि पलीकडे ढकलतात. एकदा ढकलला की तो तिकडचाही नाही आणि इकडचाही नाही.

"दीदी, अंकलजी को बोलो," एवढंच ती म्हणत होती.

मी वर आले तेव्हा तुम्ही जिन्यातूनच सगळं ऐकून दाढी करायला बसला होतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तपकिरी बूट. मला म्हणालात, "ऑफिसला कळव, येत नाही म्हणून. आणि तुझं ते सरकारी ओळखपत्र गळ्यात घाल. बोलू नकोस, नुसतं दिसू दे." सेक्शन ऑफिसर म्हणून माझ्या ओळखपत्राचा इतका सन्मान आमच्या मंत्रालयातही कधी झाला नाही.

त्या माणसांना एका लग्नाच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. स्टेजवर अजून कोणाच्या तरी रिसेप्शनची झालर लटकत होती आणि खाली जमिनीवर ती माणसं बसली होती. सिराज भिंतीला टेकून होता. तुम्हाला पाहून तो उठला नाही, नुसता बघत राहिला.

तिथला अधिकारी तरुण होता, उर्मटही नव्हता. तुम्ही ओळख सांगितल्यावर त्याने उठून सलाम केला. सिराजचं आधार कार्ड, मतदार कार्ड समोरच पडलं होतं. "सर, कागज़ तो सब बनवा लेते हैं," तो म्हणाला. "बोली से पकड़ में आते हैं. ये पानी बोलता है. इधर का बंगाली जल बोलता है."

"पाणी तो हम भी बोलते हैं बेटा," तुम्ही म्हणालात. "मराठी में पाणी ही होता है. मुझे कौन से बॉर्डर पर छोड़ोगे?"

दोन शिपाई हसले. अधिकारीही ओशाळून हसला. पण विनोदाने कोणी सुटत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुम्ही एक प्लास्टिकची खुर्ची ओढलीत, त्याच्या टेबलासमोर बरोबर मध्यभागी ठेवलीत आणि बसलात. "कौन सी धारा में बैठाया है, लिखकर दे दो. मैं चला जाऊँगा."

"सर, वो तो ऊपर से..."

"तो मैं बैठता हूँ. रिटायर आदमी हूँ, घर पे कोई काम नहीं."

आणि बसलात. ना आवाज, ना धमकी, ना ओळखीच्या साहेबांना फोन. मध्ये चहा आला तो तुम्ही घेतलात आणि कप त्याच्या फायलीवर ठेवलात. तो काही सही करायला गेला की तुम्ही मान पुढे करून बघायचात. अधूनमधून तुम्ही कूचबिहारकडे सिराजच्या गावच्या ठाण्याला फोन लावायचात आणि मोडक्या बंगालीत बोलायचात. तुमचं बंगाली ऐकून जमिनीवर बसलेल्या माणसांपैकीही कोणीतरी हसलं. ऊन कलायला लागलं तेव्हा तिकडून फोन आला, की हो, हा आमच्याच गावचा, याचा बाप इथे शाळेचा शिपाई होता. अधिकाऱ्याने सिराजला उठायची खूण केली. तुमच्याकडे न पाहता म्हणाला, "सर, अब तो जाइए."

जहानारा बाहेर झाडाखाली होती. तिने नवऱ्याला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "सुबह से कुछ खाया कि नहीं?" मला वाटलं ती तुमच्या पाया पडेल. तुम्हालाही वाटलं असावं, कारण तुम्ही आधीच दोन पावलं मागे सरकला होतात.

परतताना ऑटोत मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी वाद घातला. "बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी खुर्ची कोण टाकणार? हा नियमच चूक आहे, त्याच्या विरुद्ध बोला ना." तुम्ही म्हणालात, बाहेरचा कोण आणि घरचा कोण हे सरकारने बघायलाच हवं, देश म्हटला की कुंपण आलं. "पण बघणं म्हणजे बघणं असतं गं. कान लावून पाणी की जल ऐकणं म्हणजे बघणं नव्हे." मी म्हटलं, हेच माइकवर बोला. तुम्ही बाहेर बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत. काकू म्हणाल्या, "गेलेत. पांढरा शर्ट घालून. डबाही नेलाय." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. ज्यांच्यासाठी कोणी आलं नव्हतं त्यांच्यासाठी तुम्ही जाऊन बसत होतात. काही सुटले. मग एका दुपारी तुम्ही लवकर परत आलात. हॉल रिकामा होता, झालरही काढली होती. उरलेल्यांना आदल्या दिवशी हलवलं होतं. त्यात एक म्हातारा होता, तुम्हाला रोज "दादा, बोशून" म्हणून बसायला सांगायचा. तो कुठे गेला ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे येऊन बसलात. मी गुळाची पोळी पुढे केली. तुम्ही ती बराच वेळ हातात धरलीत. "मेलेल्याचं सुतक धरता येतं," तुम्ही म्हणालात. "पलीकडे टाकलेल्याचं काय धरायचं गं? तो तर जिवंत असेल." तुम्ही पोळी खाल्लीत, कारण मी केली होती. पण तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणीच, काका. जल नाही.

तो वाद तसाच राहिला. एका वेळी एकच माणूस सोडवायचा की असा नियम करणाऱ्यालाच जाब विचारायचा? मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण माझ्या बरोबर असण्याने अजून कोणी घरी आलेलं नाही, आणि तुमच्या खुर्चीने आलेत. हे लिहिताना मला रडू येत नाही, उलट छाती भरून येते. असं भांडण्यालायक माणूस मला शेजारी मिळालं. जोएलला मिळालं. तो आता पोलीस दिसला की घाबरत नाही आणि भुलतही नाही. तुमच्यामुळे त्याला माहीत आहे की वर्दीच्या आत माणूस असू शकतो, आणि तो आहे की नाही हे विचारून बघावं लागतं.

तुमचा मुलगा बंगळुरूहून पोचला, सगळं नीट झालं. खांदा द्यायला सिराज पुढे आला तेव्हा गुरुजी जरा थबकले. काकूच म्हणाल्या, "देऊ द्या. घरचाच आहे." वाटेत कोणी त्याला बदली द्यायला आलं की तो नुसती मान हलवायचा. त्याने खांदा शेवटपर्यंत बदलला नाही.

आणि काल संध्याकाळी माझी बेल वाजली.

दारात खन्नाजी होते. हातात तोच मोतीचूर. टीव्हीवर दिवसभर चाललंच होतं ते: कुठल्याशा वस्तीत घुसखोर शोधायला गेलेल्या पथकाला पाहून एक माणूस पळाला आणि त्याला गोळी लागली. नाव धड कोणाला माहीत नव्हतं. कुठला होता तेही ठरायचं होतं. लाडू मात्र आले होते.

"मुँह मीठा कीजिए, मैडम."

काका, मी तुमच्याइतकी धीट नाही. रोज गेटवर यांना नमस्कार करायचा असतो, मेंटेनन्सची पावती यांच्याकडून घ्यायची असते. माझा हात डब्याकडे जवळजवळ गेला होता. आत जोएल अभ्यास करत होता आणि त्याचं पान उलटायचं थांबलं होतं.

"माफ कीजिए खन्नाजी," मी म्हटलं. "मीठा नहीं चलेगा. घर में सूतक है."

त्यांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं, चेहरा मऊ केला. "हाँ हाँ, माने साहब का. बहुत भले आदमी थे. पर आप लोगों में तो ये सब..."

"माने साहब का नहीं," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी विचारलं नाही, की मग कोणाचं. तुमच्या दारातलं ते उत्तर त्यांना आठवलं असणार. डब्याचं झाकण त्यांनी लावलं, नीट चारी बाजूंनी दाबून, आणि ते पुढच्या दाराकडे न जाता जिना उतरून गेले.

मी दार लावलं. जोएलने विचारलं, "आई, आपल्यात असतं सुतक?"

मी म्हटलं, "असतं." आज सकाळी चहात साखर घातली नाही. त्यानेही न सांगता आपल्या दुधात घातली नाही. फक्त या सुतकाला दहा दिवस पुरतात का, एवढंच तुम्हाला विचारायचं राहिलं, काका.